रोबोबँक, पुणे शाखा

जर्सी घ्यावी. चड्डी घेऊ नये. हेल्मेटच्या तर वाटेलाही जाऊ नये. स्वस्तातल्या नकली सायकलिंग कपड्यांबद्दल ज्यांना एवढाच निकाल हवा होता, त्यांनी आता पान उलटून राशिभविष्य वाचायला हरकत नाही. बाकीच्यांशी मला सविस्तर बोलायचं आहे. या विषयात आमच्या सायकलच्या ग्रुपात माझ्या शब्दाला वजन आहे. ते मला पायांच्या जोरावर मिळालेलं नाही. पायांच्या जोरावर मला बोपदेव घाटात फक्त सहानुभूती मिळते. इतर लोक परीक्षणं वाचून खरेदी करतात. मी आधी खरेदी करतो आणि मग लोक मला बघून काय ते ठरवतात.

आधी अस्सलचा भाव सांगतो. खांद्यावरून पट्टे जाणारी, आत गादी शिवलेली एक चड्डी नामांकित इटालियन कंपन्या दहा हजारांच्या पुढे विकतात. वरची जर्सी वेगळी. 'दहा हजारांची चड्डी' हे शब्द आमच्या घरात मोठ्यानं उच्चारता येत नाहीत. एकदा हळू उच्चारले. ''पँट म्हणायचंय का तुम्हाला?'' बायकोनं विचारलं. नाही म्हटल्यावर ती पुढे काही बोललीच नाही. तीस वर्षांच्या संसारात एखाद्या विषयावर तिला काही बोलावंसं वाटलं नाही, असं फारदा झालेलं नाही.

याउलट कॅम्पातल्या एका गाळ्यावर जर्सी आणि चड्डी असा जोड दीड हजारात मिळतो, जीव ओतून घासाघीस केली तर बाराशेत, आणि वर बोटं उघडी ठेवणारे हातमोजे फुकट. ''फर्स्ट कॉपी आहे साहेब,'' गाळेवाला म्हणाला, ''ओरिजिनलच्याच फॅक्टरीतनं मागच्या दारानं निघतो माल.'' मागच्या दारानं एवढा माल निघत असेल तर त्या फॅक्टरीला पुढचं दार ठेवलंय तरी कशाला, हे मी विचारलं नाही. घासाघीस नुकती रंगात आली होती.

आता, साध्या टी-शर्टातही सायकल चालवता येते, हे पुण्यात जन्मलेल्या माणसाला कोणी सांगायला नको. या गावानं धोतराचा सोगा कमरेला खोचून सायकल चालवली, नऊवारी नेसून चालवली, टेरिकॉटच्या पँटीला घोट्याशी लोखंडी क्लिपा लावून चालवली, आणि रात्री दिवा नसला की हवालदार दिसताच उतरून, जणू आपण फिरायलाच निघालो होतो अशा चेहऱ्यानं हातात धरून नेली. यातल्या कोणालाही त्यासाठी वेगळे कपडे लागले नाहीत. मला लागले, कारण मला ते कपडेच घालायचे होते. सायकल निमित्ताला होती.

माझी उमेदीची सगळी वर्षं सहकारी बँकेत गेली. फिका निळा शर्ट आणि करडी पँट. कधी बंड करावंसं वाटलं तर फिका पिवळा शर्ट, त्यावर ''काय साहेब, आज काही विशेष?'' अशी चौकशी. मध्यमवर्गीय मराठी पुरुषाच्या वाट्याला भडक रंग एकदाच येतो, लग्नात, आणि तोही फेट्यापुरता. पुढे मुलांच्या लग्नात पुन्हा फेटा. मधल्या काळात समाज त्याला बेज रंगात बुडवून ठेवतो. पन्नाशी उलटल्यावर अंगाला घट्ट चिकटलेलं नारिंगी-निळं कापड घालून भर सिंहगड रस्त्यानं जायचं असेल तर एकच सबब चालते: व्यायाम. डॉक्टरांनी सांगितलंय म्हटलं की सगळं खपतं. माझ्या डॉक्टरांनी खरं म्हणजे चालायला सांगितलं होतं.

गाळ्यावर टांगलेल्या जर्स्यांमधून मी राबोबँकेची निवडली. त्यात हौस होती तसा अभ्यासही होता. राबोबँक ही नेदरलँड्समधली, शेतकऱ्यांच्या पतसंस्थांमधून वर आलेली सहकारी बँक. 1972 साली तिथल्या दोन सहकारी बँका एकत्र येऊन ती झाली, आणि तिच्या नावातला 'रा' म्हणजे रायफायझन. ज्यांनी जीडीसी अँड ए-ची परीक्षा दिली आहे त्यांना हे नाव झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. एकोणिसाव्या शतकातला हा जर्मन महापौर, ज्यानं खेड्यातल्या लोकांना एकमेकांच्या पतीवर कर्ज मिळवून दिलं. 1904 साली आपल्याकडे सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा झाला तो बराचसा त्याच्याच नमुन्यावर. म्हणजे राबोबँकेचे आणि आमचे आजोबा एक. गाळेवाल्याला मी हे सगळं समजावून सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि पन्नास रुपये कमी केले.

घरी आल्यावर आरशासमोर नीट पाहिलं, तेव्हा छातीवरच्या इंग्रजी नावात एका 'ए'चा 'ओ' झालेला दिसला. मी रोबोबँकेचा झालो होतो. परत करायला गेलो नाही. सहकार क्षेत्रात विलीनीकरण झालं की नावात थोडंफार इकडेतिकडे होतंच.

पुढच्या रविवारी खडकवासल्याला भज्यांच्या गाडीपाशी एक आजोबा बराच वेळ माझ्या छातीकडे बघत होते.

''नवीन बँक का हो?''

''नाही आजोबा, परदेशातली आहे. सायकलच्या टीमला पैसे द्यायची.''

''सायकल लोन?''

''नाही, टीम चालवायची. आता नाही चालवत.''

''बुडाली?''

''बँक आहे. टीम सोडली तिनं.''

''बरं केलं,'' आजोबा म्हणाले. मग भज्याचा कागद घडी करत, ''सीनियर सिटिझनला अर्धा टक्का जास्त देतात का?''

टीम सोडल्याची गोष्ट खरी आहे. 1996 पासून ही बँक त्या संघाच्या मागे उभी होती, आणि 2012 च्या ऑक्टोबरात या खेळातल्या उत्तेजकांच्या प्रकरणांना विटून तिनं नाव काढून घेतलं. त्याआधी 2007 च्या टूर द फ्रान्समध्ये तर तिचा खेळाडू, डेन्मार्कचा रासमुसेन, पिवळ्या जर्सीत पहिल्या क्रमांकावर असताना संघानंच त्याला शर्यतीतून घरी पाठवला होता. शर्यतीआधी आपण कुठे सराव करत होतो याचा पत्ता त्यानं खोटा दिला म्हणून. सांगितलं मेक्सिको, दिसला इटलीत. रजेच्या अर्जावर 'मूळ गावी' लिहून महाबळेश्वरात सापडलेल्या कर्मचाऱ्यांची प्रकरणं मी हाताळली आहेत. आम्ही मेमो देतो आणि वाट बघतो. त्यांनी जगातली सगळ्यात मोठी शर्यत हातातून जाऊ दिली. त्यांच्यात आणि आमच्यात फरक असा, की आपल्याकडच्या काही बँकांत भानगड झाली की भानगडवाला तरतो आणि बँक बुडते. ही एक गोष्ट अशी सापडली की जिच्यात बँक तरली. ती छातीवर मिरवायला मला लाज वाटत नाही, 'ओ' असला तरी.

पण आमच्या ग्रुपातले अस्सलवाले वेगळ्याच मुद्द्यावर चिडतात. त्यांचं म्हणणं, जी जर्सी कमावलेली नाही ती घालू नये. पिवळी तर नाहीच, जगज्जेत्याची इंद्रधनुषी पट्ट्यांची नाही, आणि ज्या संघात आपण नाही त्या संघाचीही शक्यतो नाही. हा युरोपातला शिष्टाचार आहे म्हणे. आपल्याकडे वानखेडेवर निम्मे लोक 18 नंबर घालून बसलेले असतात आणि उरलेले 7, त्यातल्या एकालाही कोणी ''तुमची सरासरी काय?'' असं विचारत नाही. सायकलवाल्यांनाच एवढं सोवळं कशाला? पिवळी जर्सी तरी मुळात काय होती? 1919 साली टूर द फ्रान्सवाल्यांना वाटलं, आघाडीवरचा गडी गर्दीत ओळखू यायला हवा. शर्यत भरवणारं 'लोतो' हे वर्तमानपत्र पिवळ्या कागदावर छापत, म्हणून जर्सी पिवळी. म्हणजे जाहिरातच. पहिली घातली ती यूजीन ख्रिस्तोफ नावाच्या मिशीवाल्या गृहस्थांनी, आणि रस्त्याकडेच्या लोकांनी त्यांना 'पिवळा पक्षी' म्हणून चिडवलं, असं सांगतात. इटलीतल्या शर्यतीची जर्सी गुलाबी, कारण तिथलं क्रीडापत्र गुलाबी कागदावर छापलं जातं. 1931 पासून ती प्रथा आहे. आपल्याकडे 'केसरी'नं शर्यत भरवली असती तर रंगासाठी बैठक घ्यावी लागली नसती, फक्त जर्सी कोणत्या वाड्यात प्रदान करायची यावर दोन गट पडून शर्यत पुढच्या वर्षावर गेली असती.

इटलीचा विषय निघालाच आहे तर मालाब्रोकाची गोष्ट सांगितल्याशिवाय मी पुढे जाऊ शकत नाही. ग्रुपात मी ही इतक्या वेळा सांगितली आहे की चहाच्या टपरीवर 'मा' ऐकू आलं की लोक सायकली काढतात. तुम्ही सायकल काढू शकत नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर, 1946 ते 1951 या काळात, इटलीच्या जिरो शर्यतीत पहिल्याला गुलाबी तशी शेवटच्याला काळी जर्सी होती. अधिकृत. शेवटून पहिला येणाऱ्याचा मान. लोकांचं या काळ्या जर्सीवर भारी प्रेम जडलं. वर पैसे मिळत, बक्षिसं मिळत. युद्धानंतरच्या भुकेल्या दिवसांत दहावा किंवा पंधरावा येण्यापेक्षा शेवटचा येणं फायद्याचं झालं. लुईजी मालाब्रोकानं हा हिशेब बरोबर मांडला. हा काही लेचापेचा गडी नव्हता. चिखलातून सायकल पळवण्याच्या शर्यतींत पुढे इटलीचा विजेता झालेला माणूस. पण जिरोमध्ये त्यानं शेवटून येण्याची कला गाठली. 1946 आणि 1947, दोन्ही वर्षं काळी जर्सी त्याची. तो गोठ्यात लपायचा, गुत्त्यात जाऊन बसायचा, स्वतःच्या टायरला स्वतःच भोकं पाडायचा, असे किस्से इटलीत सांगतात. शेवटचा यायचं पण बाद व्हायचं नाही, कारण ठरल्या वेळेत पोचलं नाही तर शर्यतीतूनच नाव कटतं. हा तोल सांभाळणं पुढे पळण्याइतकंच कठीण.

मग 1949 ला त्याच्यासमोर कारोल्लो नावाचा माणूस उभा राहिला, आणि तो खरोखरच हळू होता. दोघांत शेवटून पहिलं कोण येतं याची अशी चुरस लागली की पुढे कोप्पी आणि बार्ताली या दोन महारथींचं काय चाललंय याकडे मालाब्रोकाचं लक्षच नसावं. अखेरच्या टप्प्यात मालाब्रोका एवढा मागे थांबला, एवढा मागे थांबला, की तो अंतिम रेषेवर पोचला तेव्हा वेळ नोंदवणारे कंटाळून घरी गेले होते, आणि त्यांनी त्याला सरसकट घोळक्याचीच वेळ लावून टाकली होती. काळी जर्सी कारोल्लोला गेली. आयुष्यभर मागे राहायचा सराव केलेल्या माणसाला पुढे ढकलला, तोही कारकुनी सोयीसाठी! बँकेत आयुष्य घालवलेल्या मला या प्रसंगातलं दुःख जितकं कळतं तितकं कोणाला कळत नसावं. साडेपाचला काउंटर बंद करण्याच्या घाईत आपण कोणाकोणाचं काय काय केलं असेल.

तर मुद्दा असा की ज्या एका जर्सीवर माझा न्याय्य हक्क आहे तिची नक्कल गाळ्यावर मिळत नाही. मी विचारलं होतं. ''काळी आहे ना साहेब,'' म्हणून त्यानं प्लेन ट्रॅकसूट दाखवला.

नकली जर्सीला माझी हरकत नाही याचं कारण कापडात आहे. या जर्स्या पॉलिस्टरच्या. रंगीत चित्र आधी कागदावर छापतात, मग तो कागद आणि कापड एकत्र दोनशेच्या आसपास अंशांवर दाबतात; शाईची वाफ होते आणि थेट धाग्यात शिरते. रंग कापडाच्या वर बसत नाही, आत मुरतो. हे तंत्र अस्सलला तेच आणि नकलीलाही तेच. म्हणून कितीही धुतली तरी माझी रोबोबँक फिकी पडत नाही. घरातल्या इतर फिक्या पडलेल्या गोष्टींच्या मानानं ती अजून तरतरीत आहे. चेन मात्र दगा देते, छातीवर मध्येच अडते आणि मग वर-खाली दोन्हीकडे जायला नकार देते. आणि पाठीवरचे तीन खिसे. अस्सल जर्सीत पाठीचं कापड घट्ट विणीचं असतं, खिसे जागेवर राहतात. माझ्या जर्सीत फोन, दोन केळी आणि किल्ल्या ठेवल्या की मागचा भाग नंदीबैलाच्या झुलीसारखा डुलत खाली येतो. उतारावर केळी गुडघ्याच्या मागे लागतात. पण यात जीव जात नाही, कातडी जात नाही. हौस आहे, ती स्वस्तात भागते. खरं तर हौसेवर दहा हजार घालणाऱ्यांचंच मला आश्चर्य वाटतं.

चड्डीचं तसं नाही. चड्डीत हौस बसत नाही, आपण बसतो.

ज्यांनी ही चड्डी कधी घातली नाही त्यांच्यासाठी एक गोष्ट एकदाच सांगून टाकतो: हिच्या आत दुसरं काही घालायचं नसतं. आतली गादी थेट अंगाला लागते, तोच तिचा हेतू. पूर्वी ही गादी डोंगरी शेळीच्या कातड्याची असायची आणि दर धुण्यानंतर कडक झालेलं कातडं मऊ करायला मलम चोपडावं लागायचं. आता फोमची असते. बहुतेकांना वाटतं जाड गादी म्हणजे आराम, आणि नकली माल बनवणाऱ्यानं नेमकं हेच हेरलेलं असतं. माझ्या चड्डीतली गादी एवढी जाड होती की घालून चालताना मी काहीतरी लपवून नेतोय असा संशय यावा. बसल्यावर पहिली दहा मिनिटं सिंहासन. मग ती चेपली. बैठकीच्या हाडांखालून दोन्ही बाजूंना सरकली, आणि बाकीचा रस्ता मी गादीच्या मधोमध पडलेल्या खड्ड्यात, घामानं भिजलेल्या स्पंजावर काढला. चांगली गादी पातळ असली तरी चालते. तिनं घाम शोषून वर काढायचा आणि कातडी घासू द्यायची नाही, एवढंच तिचं काम. नकली गादीनं दोन्ही कामं उलटी केली. पुढले काही दिवस बँकेत मी सगळ्या बैठकी उभ्यानं घेतल्या. नव्या मॅनेजमेंट पुस्तकांत असं लिहिलेलं असतं, त्यामुळे कोणी काही विचारलं नाही.

दुसरी गोष्ट कळायला जरा वेळ लागला. आमच्या ग्रुपातल्या डॉक्टरीणबाई, मुलीच्या वयाच्या, एकदा अत्यंत आदरानं म्हणाल्या, ''काका, आजपासून तुम्ही सगळ्यात शेवटी राहाल का? कोणीतरी अनुभवी माणूस मागे हवा. सेफ्टीसाठी.'' मी भारावलो. शेवटून सगळ्यांवर नजर ठेवणं हे जबाबदारीचं काम. घरी सांगितलं. मालाब्रोकाचा दाखलाही दिला. महिनाभर मी अभिमानानं मागे राहिलो. मग एका सकाळी निघताना मी बुटाची नाडी बांधायला वाकलो आणि मागून बायकोचा आवाज आला, ''अहो, ही चड्डी वाकल्यावर आरपार दिसते, माहीत आहे ना तुम्हाला?''

स्वस्त लायक्रा ताणली की विरळ होते. आरशासमोर आपण ताठ उभे असतो. सायकलवर वाकलेले.

ती चड्डी घेऊन मी सदाशिव पेठेतल्या आमच्या टेलर मास्तरांकडे गेलो. आतून अस्तर लावता येईल का, असा माझा भाबडा प्रश्न होता. मास्तर मूळचे सोलापूरचे. जिन्याखाली चार फुटांची जागा, त्यात मशीन, वर देवाचा फोटो आणि जुन्या कॅलेंडरांचा गठ्ठा. त्यांनी चड्डी हातात घेतली, दोन्ही अंगठ्यांनी ताणून उजेडाकडे धरली, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि सभ्यपणे खाली ठेवली. मग ती उलटी केली आणि जोडावरून तर्जनी फिरवली.

''ओव्हरलॉक मारलाय,'' ते म्हणाले. ''हे बघा, शिवण उभी राहिली आतल्या बाजूला. ही घासणार. आसनात चार जोड एकाच जागी आणलेत. शर्टाच्या काखेत आम्ही असं करत नाही, यांनी आसनात केलंय.'' माझं बोट धरून त्यांनी त्या जागेवरून फिरवलं. चार शिवणी एकत्र येऊन एक गाठ झाली होती, हरभऱ्याएवढी. मी तिच्यावर कितीतरी किलोमीटर बसलो होतो. ''इथे फ्लॅटलॉक पाहिजे. दोन कापडं शेजारीशेजारी ठेवून आडवी शिवायची. जोड हाताला लागता कामा नये. त्याचं मशीन वेगळं येतं.''

''मग दहा हजार त्याचेच?''

''दहा हजार कसले,'' मास्तर म्हणाले. ''कापड, मशीन, मजुरी धरून सांगतो…'' आणि त्यांनी खडूनं टेबलावर जो आकडा लिहिला तो छापून मला इटलीशी वैर घ्यायचं नाही.

इथे माझं खरं दुखणं आहे. माझा राग स्वस्तावर नाही. स्वस्त आणि प्रामाणिक माल मिळतो. लुधियानात, तिरुपूरमध्ये विणकामाचे कारखाने आहेत, आपल्याकडचे लहान उत्पादक आपलंच नाव लावून दोन-अडीच हजारांत बरी चड्डी देतात. ती बघायला सुंदर नसते, पण गाठ नसते. राग याचा की नकली मालवाल्यानं सगळी अक्कल बाहेरच्या बाजूला खर्च केलेली असते. नावाचा रंग हुबेहूब, पट्ट्याची रुंदी हुबेहूब, आणि जिथे माणसाची कातडी लागते तिथे चार जोड एकत्र. दिसणार नाही तिथे कोण बघतंय! आणि माझ्यासारखा ग्राहक आरशासमोर ताठ उभा राहून त्याला बरोबर ठरवतो.

हेल्मेटच्या बाबतीत मला विनोद सुचत नाही. त्याच गाळ्यावर तीही टांगलेली असतात, हुबेहूब नावाची, पाव किमतीत. सायकलच्या हेल्मेटात आत थर्माकोलच्या जातीचा फोम असतो. पडल्यावर तो चिरडतो, आणि चिरडताना धक्का खातो, म्हणून डोकं वाचतं. किती चिरडायचा, कुठे फुटायचा नाही, याच्या चाचण्या असतात. युरोपचं ईएन 1078, अमेरिकेचं सीपीएससी हे शिक्के त्यासाठीच. नकलीवाला शिक्काही छापतो. स्टिकरच तर आहे. जर्सीवरचा 'ओ' मी छातीवर घेऊन फिरतो. नकली हेल्मेट मी कोणाच्या डोक्यावर बघितलं की मला भर रस्त्यात थांबवून बोलावंसं वाटतं, आणि बोलतोही. म्हातारा कटकट्या म्हणून माझी ओळख झाली असेल तर असो.

मास्तरांनी जर्सीची चेन बदलून दिली आणि सांगितलं, संध्याकाळी घरी आणून देतो, तुमच्या बाजूलाच काम आहे. आले ते सायकलवरच. जुनी काळी सायकल, सीटला स्प्रिंगा आणि वर घडी घातलेला पंचा. पर्वतीच्या पायथ्यापासून पेठेत आणि पेठेतून घरी, ऊन-पाऊस काही असलं तरी, कित्येक वर्षं. रुंद सीट, ताठ बसणं, लहान अंतर. त्यांना गादीवाली चड्डी लागत नाही, लागणारही नाही. आमच्या सोसायटीच्या गेटवर रखवालदारानं त्यांना अडवलं. सायकल बाहेर लावा, नाव लिहा, कोणाकडे, कशाला. मी खाली गेलो तेव्हा ते वहीत नाव लिहीत होते आणि सायकल फुटपाथवर झाडाला टेकवलेली होती. माझी सायकल रोज लिफ्टनं चौथ्या मजल्यावर जाते. तोच रखवालदार लिफ्टचं दार धरून ठेवतो. मी त्याच्यावर आवाज चढवला. तो बिचारा म्हणाला, ''सेक्रेटरींचा नियम आहे, साहेब. डिलिव्हरीवाल्यांच्या सायकली आत नाहीत.'' सेक्रेटरींना फोन लावला. ते म्हणाले, नियम सगळ्यांना सारखा. मग आवाज खाली आणून म्हणाले, ''तुमची कशी, स्पोर्ट्‌सची आहे.''

मास्तर मध्ये पडले. ''राहू द्या साहेब, सावलीत आहे ती.'' मी तो विषय सर्वसाधारण सभेत घेतला आहे. अजेंड्यावर तो 'पार्किंग व इतर' या सदरात सातव्या क्रमांकावर आहे, आणि आमच्या सभा पाचव्या मुद्द्यावर चहाला थांबतात त्या थांबतातच. पण विषय मागे घेतलेला नाही, हे सेक्रेटरींनी, वाचत असतील तर, लक्षात ठेवावं.

त्या दिवसापासून मास्तरांच्या डोक्यात मात्र चड्डीनं घर केलं. एका ओळखीच्याकडे फ्लॅटलॉकचं मशीन आहे, त्याच्याकडे रात्री जाऊन शिवता येईल, असं त्यांनी निरोप पाठवून कळवलं. गादी चांगली आणा, कापड मी आणतो. गादी मी मागवली, नुसती गादी वेगळी विकत मिळते. मग माप. मी सकाळी बँकेत जाता जाता त्यांच्याकडे गेलो, फिका निळा शर्ट, करडी पँट. मास्तरांनी टेप गळ्यात घातली आणि म्हणाले, ''असं उभ्या-उभ्या माप घेऊन उपयोग नाही. तुम्ही घालणार ती वाकून. सायकल आणलीय का?''

नव्हती. त्यांनी त्यांची काढली, स्टँडवर लावली आणि मला बसवलं. सदाशिव पेठेत सकाळी साडेनऊला, दुधाची पिशवी घेऊन निघालेले, पेपर काखेत मारलेले, नातवाला शाळेत सोडून परत येणारे, असे सगळे लोक असतात, आणि त्यांच्यापैकी कोणालाही कुठे जायची घाई नसते. मी हँडलवर ओणवा. मास्तर मागे उकिडवे बसून कमरेपासून मांडीपर्यंत टेप धरत आकडे सांगतायत आणि शेजारचा झेरॉक्सवाला मुलगा ते वहीत टिपून घेतोय.

''अजून वाका. आसन ताणलं पाहिजे. घाटात वाकता तसं वाका.''

''घाटात मी उतरून चालतो, मास्तर.''

मास्तरांनी टेप सोडली, जरा विचार केला आणि मुलाला म्हणाले, ''एक माप उभ्याचंही लिहून ठेव रे.''